अनुराधाबाईंचं खजुराचं सरबत

शारजातल्या अल नहदाच्या आमच्या टॉवरमध्ये कुणाच्या घरी काय शिजतंय ते लिफ्टमध्ये पाऊल टाकल्याबरोबर कळतं. सकाळी सांबार, दुपारी तळलेले मासे, संध्याकाळी बिर्याणी. शनिवारी सकाळी मात्र जळक्या साखरेचा वास आला, की खुशाल समजावं, अनुराधाबाईंचा वर्ग भरलाय.

बाई मूळच्या पुण्याच्या. तिथे ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. नवऱ्याला, निनादला, दुबईच्या जबल अली बंदरात एका मालवाहतूक कंपनीत नोकरी लागली आणि बाई आपली नोकरी सोडून, लहानग्या सृष्टीला कडेवर घेऊन इकडे आल्या. इथे शाळेत शिकवायचं तर कागदांवर शिक्के, त्या शिक्क्यांवर आणखी शिक्के, आणि एवढं सगळं करून शेवटी बी.एड. नाही म्हणून नकार. पुढे कितीतरी दिवस त्या घरात धुमसत होत्या. निनाद बिचारा ऑफिसातून आला की आधी दारात उभा राहून अंदाज घ्यायचा, मग बूट काढायचा.

एकदा सृष्टीच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं. बाईंनी साबण लावला आणि पिवळा डाग लालभडक झाला. सृष्टी शाळा बुडेल म्हणून रडायला लागली, आणि तिची आई मात्र खजिना सापडल्यासारखी खूष. त्यांनी लगेच लिंबू आणून त्या लाल डागावर पिळलं. डाग पुन्हा पिवळा. सृष्टीला म्हणाल्या, हळदीला कळतं कोण आंबट आणि कोण साबणासारखं. तेव्हा समोरच्या फ्लॅटमधली झोहा खेळायला आली होती. तिने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आली. वर्ग असा सुरू झाला.

फी नाही, पाटी नाही, जाहिरात नाही. ओट्याभोवती मुलं स्टुलांवर उभी राहायची आणि बाई दूध फाडून दाखवायच्या, साखर जाळून दाखवायच्या, ढोकळ्याच्या पिठात सोडा टाकून ते फुगताना दाखवायच्या. टेट्रा पॅकच्या दुधाचं पनीर धड का होत नाही, यावर एक अख्खा शनिवार गेला होता. मुलं इंग्रजीत विचारायची, बाई मराठी-हिंदी-इंग्रजीची भेळ करून सांगायच्या आणि सगळ्यांना सगळं समजायचं. मी कधी कधी चहाच्या निमित्ताने जाऊन बसायची. मला शाळेत केमिस्ट्रीत कसेबसे पासापुरते मार्क मिळाले होते. बाईंकडे बसून मला वाटायचं, तेव्हा आपल्याला असं कुणी शिकवलं असतं तर.

पण शिस्त भारी. बरणीवर नाव हवं म्हणजे हवंच. नाव नसलेल्या बरणीत विष आहे असं समजायचं, असं त्या मुलांना सांगायच्या. एकदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन त्यांनी माझे बिननावाचे डबे पाहिले आणि असा चेहरा केला, की मी त्याच रात्री मार्कर घेऊन बसले. आता रागाने नाही सांगत, पण तेव्हा राग आला होता. बाईंना आपल्या नीटनेटकेपणाचा ताठा होता. दुसऱ्याच्या चुका त्यांना लगेच दिसायच्या, आणि दिसल्या की त्या गप्प बसायच्या नाहीत.

झोहाची आई मुनिबा. माणसं हैदराबादची, नवऱ्याचं दुबईत कुसैसला गाड्यांच्या पार्टचं दुकान. घरात मुनिबाची सासू, जिला सगळा मजला अम्मी म्हणतो. अम्मी खाण्याच्या बाबतीत फार कडक. बाहेरचा केक नको, त्यात काय घातलंय कुणास ठाऊक. शेजारचा खाऊ नको, कुठल्या भांड्यातला आहे कुणास ठाऊक. पहिलं वर्षभर बाईंनी पाठवलेल्या करंज्यासुद्धा अम्मींनी मुलांना दिल्या, स्वतः हात लावला नाही. हळूहळू मात्र त्यांच्या लक्षात आलं, की या घरात मांसमच्छी नाही, अंडंसुद्धा नाही, बाटली तर नाहीच नाही. मग एके दिवशी त्यांनी मुनिबाला सांगितलं, की अनुराधाच्या घरून आलेलं काहीही न विचारता खायचं. मुनिबाने हे बाईंना येऊन सांगितलं तेव्हा बाईंना इतका अभिमान वाटला, की त्यांनी ते आम्हा सगळ्यांना आळीपाळीने ऐकवलं. पुण्यातल्या नोकरीचं सुद्धा त्या एवढं सांगत नसत. अख्ख्या टॉवरमध्ये अम्मींचा विश्वास असलेलं ते एकच स्वयंपाकघर, आणि ते आपलं.

रमजान आला की दोन दारांच्या मधे भांड्यांची ये-जा सुरू व्हायची. मुनिबाकडून फ्रूट चाट यायचं, दहीवडे यायचे, गुलाबाचं दूध यायचं. आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत, म्हणून बाई त्यात काहीतरी घालून पाठवायच्या. आणि मग ते भांडं मुनिबालाही रिकामं पाठवता येईना. महिनाभर दोघींची त्यातून सुटका नसायची आणि दोघींना ती हवीही नसायची.

यंदाच्या रमजानमधल्या एका शनिवारी बाईंनी वर्गात यीस्ट काढलं. इफ्तारसाठी म्हणून त्यांनी खजूर भिजवून, वाटून, गाळून भरपूर सरबत केलेलं होतं. लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, रिकाम्या बाटल्या धुऊन घेतल्या. एकीत नुसतं साखरपाणी आणि यीस्ट, एकीत खजुराचं सरबत आणि यीस्ट, एकीत नुसतं सरबत, यीस्टच नाही. प्रत्येक बाटलीच्या तोंडावर फुगा. बाटल्यांवर कागद चिकटवला की तो ओला होऊन निघतो, म्हणून मुलांनी नावं फुग्यांवरच मार्करने लिहिली. बाईंना ती युक्ती आवडली. फुगा फुगत जाईल तसं अक्षर मोठं होत जाईल, त्या म्हणाल्या.

तासाभरात खजुराचा फुगा सगळ्यांत पुढे गेला. बाईंनी विचारलं, हा फुगवतंय कोण? मग सांगितलं, की यीस्ट जिवंत असतं, ते साखर खातं आणि तिचे दोन भाग करतं. गॅस वर जातो, अल्कोहोल खाली राहतं. पाव भाजताना ते उडून जातं, म्हणून आपण पाव खातो. मुलांकडून हे त्यांनी पाढ्यासारखं म्हणून घेतलं. झोहाने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. तिचे ते पहिलेच रोजे होते, त्यामुळे ती पाणीही पीत नव्हती, पण उत्साह जराही कमी नव्हता. संध्याकाळी निनाद ओट्यावरची ती रांग बघून म्हणाला, शारजात हातभट्टी लावलीस की काय. बाई हसल्या.

दुसऱ्या दिवशी मुलं फुगे घेऊन गेली. साखरपाणी बाईंनी ओतून दिलं. खजुराचं मात्र त्यांच्याच्याने टाकवेना. इतका चांगला खजूर, एक दिवस भटुऱ्यांचं पीठ तरी भिजवू, म्हणून त्यांनी ती बाटली झाकण लावून फ्रिजच्या दारात ठेवली. मागच्या बाजूला साध्या सरबताची तसलीच बाटली होती. दोन्ही बाटल्या लबनच्या, दोन्हींचा रंग एक. आणि नाव फुग्यावर होतं, तो फुगा झोहाच्या धाकट्या भावाने केव्हाच फोडला होता.

पुढच्या एका संध्याकाळी बाई दुबईहून परतताना पुलावरच्या गर्दीत अडकल्या. घरी पोचल्या तेव्हा मगरिबच्या अजानला, म्हणजे रोजा सुटायला, थोडाच वेळ उरला होता. ओट्यावर मुनिबाचा स्टीलचा जग आदल्या दिवसापासून तसाच पडलेला. त्यातून आज समोरच्या घरी पाहुणे, मुनिबाच्या नणंदेच्या सासरची मंडळी. बाईंनी फ्रिज उघडला, दारातली बाटली उचलली आणि जगात ओतली. फेस आला. घाईने ओतलं की येतोच, असं म्हणून त्यांनी वर बर्फ टाकला, सब्जा टाकला आणि सृष्टीला जग देऊन समोर पिटाळलं.

सृष्टी जग देऊन परत आली. बाई कोथिंबीर काढायला पुन्हा फ्रिजकडे वळल्या आणि त्यांना मागची बाटली दिसली. भरलेली. त्यांनी ती बाहेर काढली. मग ओट्यावरची दुसरी पाहिली. तिच्या तळाशी घोटभर उरलं होतं आणि पांढुरका गाळ बसला होता. त्यांनी ते चाखलं. जिभेला बारीक चुरचुर झाली, मागाहून आंबट, आणि त्याच्याही मागाहून ते. यीस्टला थंडीत झोप येते, ते मरत नाही, हेही त्यांनीच मुलांना शिकवलं होतं.

सृष्टीने विचारलं काय झालं. चुकीची बाटली गेली, बाई म्हणाल्या.

"देन गो टेल देम, मम्मा," सृष्टी म्हणाली. तिच्या दृष्टीने गोष्ट तेवढीच होती.

अजान अजून व्हायची होती. समोरचं दार पॅसेजच्या पलीकडे. बाई आपल्या दारापर्यंत गेल्या, एका पायात चप्पल घातली, आणि तिथेच थांबल्या.

त्या का थांबल्या हे त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आत पाहुणे बसलेले. जेवणाचा दस्तरखान अंथरलेला, सगळे दुवेत. अशा वेळी बेल वाजवायची आणि सगळ्यांसमोर काय सांगायचं? की मी पाठवलंय त्यात दारू आहे? हिंदीत तो शब्द कसा उच्चारायचा हेच त्यांना सुचेना. मग मनाने वकिली सुरू केली. असून असून असणार किती, नखाएवढं. आधी खजूर खातील, पाणी पितील, सरबताकडे लगेच थोडंच कुणी वळेल. अजान झाली की मुनिबाला हळूच फोन करू, ती गुपचूप बाजूला ठेवेल. कुणाला कळणारही नाही. खरी गोष्ट एवढीच होती, की अम्मींच्या नजरेत आपलं स्वयंपाकघर नासलं, हे त्यांना सहन होत नव्हतं. चूक होणं त्यांना इतकं लाजिरवाणं वाटलं, की ती थांबवायला जाणं राहून गेलं.

"आर यू गोइंग ऑर नॉट?" सृष्टीने मागून विचारलं.

आणि अजान सुरू झाली. खालच्या मशिदीतून, आणि क्षणभराने समोरच्या बंद दारामागच्या कुणाच्या तरी फोनमधून.

बाई तशाच उभ्या होत्या. त्यांना तेव्हा नेमकं आठवलं, की कुसैसला एका ओळखीच्या घरी वाढदिवसाला कुणीतरी न सांगता खिम्याचे पॅटिस त्यांच्या ताटात वाढले होते. एक घास गेला होता. बाईंनी त्या घराशी संबंध तोडले. चुकून झालं असं ती माणसं पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि बाईंचं एकच, की लक्षात आल्याबरोबर धावत येऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? हे त्यांनी मलाही कितीदा ऐकवलं होतं. मी मान डोलावली होती.

शेवटी त्यांनी दुसरी चप्पल घातली आणि जाऊन बेल वाजवली. सृष्टी त्यांच्या मागोमाग येऊन उभी राहिली. दार मुनिबानेच उघडलं आणि स्वतः बाहेर येऊन मागे ओढून घेतलं. तिच्या हातात तो जग होता, भरलेला. बाईंनी तोंड उघडायच्या आत तिनेच बाईंचा दंड धरला. जणू लाज तिलाच वाटत होती.

तिने सांगितलं ते असं. खजूर झाला, पाणी झालं, आणि तिने सगळ्यांना सरबत भरून दिलं. पहिला घोट तिचाच गेला. जिभेला चुरचुरलं म्हणून ती थबकली. तेवढ्यात शेजारी बसलेल्या झोहाने आपला ग्लास नाकाशी नेला आणि वर्गात म्हणतात तसं खणखणीत म्हणून दाखवलं, की हे फुग्यावालं आहे, गॅस वर जातो, अल्कोहोल खाली राहतं. सगळ्या पंगतीने ते ऐकलं. मुनिबाने एकेकाच्या हातातून ग्लास काढून घेतले आणि परत जगात ओतले. बाकी कुणाच्या ओठाला लागलं नाही, तिचा एक घोट सोडून. झोहाला वाटलं होतं आपलं उत्तर बरोबर आलं म्हणून सगळे शाबासकी देतील. तिला कळेना सगळ्यांचे ग्लास का काढून घेतले.

"अम्मी बहुत नाराज हो गए थे भाभी," मुनिबा म्हणाली. "मैं बोली, भाभी की घर की चीज है, गलती से हुआ. उनको मालूम रहता तो दौड़ के आते, अजान के पहले आते. तब जाके अम्मी चुप हुए." मग तिने बाईंचा दंड हलकेच दाबला. "अभीच मालूम हुआ ना आपको?"

हो म्हणायचं होतं फक्त. मुनिबाने उत्तर तयार करून हातात ठेवलं होतं, आणि तिला ते हो हवंही होतं. बाई मला म्हणाल्या, मी खरं बोलले असते की नाही मला माहीत नाही, पण पाठीमागे सृष्टी होती. तिने मला दारात उभी असलेली पाहिलं होतं.

"नहीं," बाई म्हणाल्या. "अजान के पहले मालूम हुआ. मैं दरवाजे में खड़ी रही."

मुनिबाचा हात दंडावरून निघाला. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं बाई म्हणतात, राग आला की माणूस बोलतो तरी. मुनिबाने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा सृष्टीकडे पाहिलं, जग बाईंच्या हातात दिला आणि आपल्या पाठीमागच्या दारावर हात ठेवला.

"अम्मी को मत बोलिए," ती हळू आवाजात म्हणाली. "मैं उनको बोल चुकी."

एवढं बोलून ती आत गेली. त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. निनादने समजूत घातली, की एक घोट, तोही चुकून, त्याचं काय एवढं. घोटाबद्दल त्यांना वाटत होतंच, पण त्याहून जास्त वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. रोज्याच्या महिन्यात, एवढं सगळं पाळणाऱ्या घरात, आपल्यासाठी सुनेने सासूला जे सांगितलं, ते आता खोटं ठरलं होतं. सांगितलं तेव्हा ते तिच्या मते खरं होतं. बाईंनी खरं बोलून ते खोटं केलं, आणि आता ते तसंच ठेवायची पाळी तिच्यावर आली होती.

बाईंनी अम्मींना जाऊन सगळं सांगायचं कितीदा ठरवलं. मलाही विचारलं. मी म्हटलं, सांगितलंत तर तुम्ही मोकळ्या व्हाल आणि मुनिबा सापडेल. सुनेने पाठीशी घातलं असं म्हातारी समजेल. मला बोलायला काय जातंय, पण दुसरा मार्ग मलाही दिसला नाही. मुनिबाने मागितलं होतं ते एवढंच, आणि तेवढं तरी बाईंना द्यावंच लागणार होतं.

पुढच्या शनिवारी वर्ग भरला नाही. त्याच्या पुढच्याला भरला. झोहा आली, पुढच्या स्टुलावर उभी राहिली, नेहमीसारखे प्रश्न विचारले. मुनिबाने तिला थांबवलं नाही. ती बाईंशी बोलणंही टाळत नाही. सृष्टीची परीक्षा कशी झाली, निनादभाईंचा खोकला कसा आहे, सगळं विचारते. विचारते आणि उत्तर ऐकून घेते, आणि मग आत जाते. पूर्वी ती दारात अर्धा तास उभी असायची.

ईदच्या आधी एकदा आम्ही चौघी लिफ्टमध्ये एकत्र आलो. अम्मी, मुनिबा, बाई आणि मी. त्या प्रसंगानंतर बाई अम्मींच्या समोर पहिल्यांदाच येत होत्या. बाईंनी सलाम केला आणि खाली बघत उभ्या राहिल्या. अम्मींना वाटलं, ही अजून त्या सरबताचंच घेऊन बसलीय. त्यांनी पुढे होऊन बाईंच्या डोक्यावरून हात फिरवला.

"दिल छोटा नको करो बेटा," अम्मी म्हणाल्या. "भूल सबसे होती. तुमको मालूम रहता तो तुम दौड़ के आते थे, मेरेकू मालूम है."

मुनिबा दारावरचे मजल्यांचे आकडे बघत होती. आमचा मजला यायला अजून वेळ होता. बाईंनी डोक्यावरचा तो हात तसाच राहू दिला.

"जी, अम्मी," त्या म्हणाल्या.